शिकागोच्या कॉलनंतर

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, तिकडची माणसं बोलतात त्यातला शब्द न् शब्द ऐकू येतो, पण वाक्याचा अर्थ लागत नाही." आणि मग आवाज खाली आणून म्हणालीस, की मराठी शाळेत शिकल्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं. पहिल्याला उत्तर मी फोनवरच दिलं असतं. दुसरं मात्र मनाला लागलं, म्हणून पत्र लिहायला घेतलंय.

आधी तुझ्या शाळेचं बोलू. दहावीपर्यंत तू बार्शीला मराठीतून शिकलीस, पुढे इंजिनिअरिंगची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून पहिल्या वर्गात पास झालीस आणि आज हिंजवडीत बसून शिकागोच्या लोकांचं सॉफ्टवेअर सांभाळतेस. त्यांच्या कागदपत्रांत झालेली चूक तू शोधून दाखवलीस, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. अशा मुलीला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणू नये, तिनं स्वतः तर मुळीच म्हणू नये. 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे काय हे कॉन्व्हेंटातही शिकवत नाहीत. तुझ्याबरोबर कॉलवर बसणाऱ्या मुलींपैकी कितीजणी नुसती मान हलवत असतील, याचा मला चांगला अंदाज आहे. चिंचवडच्या एका कारखान्याच्या निर्यात खात्यात मी नोकरी केली, ती टेलेक्सच्या काळापासून ईमेलपर्यंत. तशी मान हलवणारी चांगली हुशार माणसं मी तिथे खूप पाहिली.

तुझं अडलं ते बेसबॉलपाशी. अमेरिकेतल्या ऑफिसात निम्मं बोलणं या खेळाच्या मैदानावरून येतं, आणि आपण तो खेळ कधी पाहिलेला नसतो. 'बॉलपार्क' म्हणजे बेसबॉलचं मैदान. 'बॉलपार्क फिगर दे' असं ते म्हणतात तेव्हा त्यांना नेमका आकडा नको असतो. साधारण किती, एवढंच हवं असतं. मैदानाच्या आत कुठेही पडला तरी चालेल असा तो आकडा. धावणाऱ्याला धाव पुरी करताना चारही तळांना शिवावं लागतं, त्या तळाला 'बेस' म्हणतात. म्हणून 'लेट्स टच बेस ऑन मंडे' म्हणजे सोमवारी जरा बोलून घेऊ. फलंदाज ज्या पाटाशी उभा राहतो त्याला 'प्लेट' म्हणतात. 'समवन हॅज टु स्टेप अप टु द प्लेट' म्हटलं की कुणीतरी पुढे होऊन हे काम अंगावर घ्यावं, असं सुचवलेलं असतं. अशा वेळी गप्प राहिलीस तर तू नाही म्हणालीस असा अर्थ होतो, हे ध्यानात ठेव. 'कर्व्हबॉल' हवेत वळतो; गिऱ्हाइकानं शेवटच्या आठवड्यात मागणी बदलली की तो कर्व्हबॉल झाला. आणि 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे ध्यानीमनी नसताना, भलत्याच दिशेनं आलेली गोष्ट.

'रेन चेक'चा घोळ तर मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिला. पावसानं सामना वाहून गेला तर प्रेक्षकाला तिकिटाचा एक तुकडा मिळे. तो दाखवून पुढच्या सामन्याला येता येई. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. त्यामुळे शिकागोचा माणूस 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणाला की समजायचं, आज जमत नाही, पुन्हा कधीतरी. पावसाशी काही संबंध नाही, तिथे लख्ख ऊन असलं तरी.

शिकागोशी काम करणाऱ्या मुलीनं एवढं करावं: यूट्यूबवर बेसबॉलचा एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. त्या एका शहरात कब्ज आणि व्हाइट सॉक्स असे दोन मोठे संघ आहेत, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तुझ्या त्या मंडळींच्या गप्पा त्यांच्याभोवतीच फिरत असणार. एक सामना पाहिल्यानं जेवढे वाक्प्रचार पक्के होतील, तेवढे 'व्यवसायातले शंभर इंग्रजी वाक्प्रचार' छापाच्या यादीनं होणार नाहीत. यादीतला अर्थ डोक्यात राहत नाही, कारण त्याच्यामागे चित्र नसतं. मैदान पाहिलं की चित्र येतं.

याला कमीपणा मानू नकोस, कारण आपणही असंच बोलतो. कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी 'यंदा चारी मुंड्या चीत झालो' म्हणतो, निवडणुकीला उभा राहणारा शड्डू ठोकतो, भावकीतला एखादा दुसऱ्याला धोबीपछाड देतो. हे सगळं आखाड्यातलं बोलणं. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तिथे व्यवहाराच्या बोलण्यात कुस्ती येणारच. चालू कामात कुणी 'खो घालतो', तो खो-खोतून आलेला. शिकागोच्या माणसाला हे सगळं सांगायला बसलीस तर तोही तुझ्याइतकाच गोंधळेल, आणि तुला त्याच्या बुद्धीबद्दल शंका येणार नाही. दाते आणि कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला, त्याचे दोन भरगच्च खंड झाले. एवढा साठा तू काही न शिकता, अंगणात आणि ओट्यावर बसून मिळवलास. इंग्रजीचा साठा तिकडच्या अंगणात मिळतो, आणि तू त्या अंगणात वाढलेली नाहीस. फरक तेवढाच आहे.

आणि परक्यांचे वाक्प्रचार पचवायची आपल्याला सवयही आहे. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ साली गाडी धावली, पुढे रेल्वे गावोगाव पोचली आणि गार्डच्या हातातला दिवा आपल्या बोलण्यात आला. आज ग्रामपंचायतीच्या ठरावालाही 'हिरवा कंदील' मिळतो. सरकारी कागद लाल फितीनं बांधायची इंग्रजांची रीत होती, तिची आपण 'लालफीत' केली. हिमनग आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही, तरी 'हे हिमनगाचं टोक आहे' असं सोलापूरच्या वर्तमानपत्रातला बातमीदार सहज लिहितो. पूर्वी घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. तुझे आजोबा तिच्यावर इंग्रजी शिकले आणि त्या बळावर त्यांनी रेल्वेत नोकरी केली. तू त्यांच्या पुढची पायरी चढते आहेस.

आता एक फरक नीट समजून घे. तुझा शिकागोचा माणूस वेगळा आणि मँचेस्टरचा वेगळा. एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात विन्स्टन चर्चिलनं ही नोंद केली आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी एकत्र बसले होते. ब्रिटिशांना एक टिपण तातडीनं चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले, हे आपण 'टेबल' करू. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे तो विषय बाजूला टाकणं. अमेरिकी अधिकारी म्हणाले, छे, हे टेबल करून चालणारच नाही, महत्त्वाचं आहे. त्यावर बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी लक्षात आलं की दोघांनाही तेच हवं होतं. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी होती आणि समोर महायुद्ध होतं, तरी हे घडलं. म्हणून कॉलवर कुणी 'टेबल' म्हणालं तर आधी बघ, बोलणारा कोणत्या देशातला आहे.

इंग्रज माणसाशी बोलताना तुझी बाजू एका परीनं वरचढ आहे, कारण त्याचे बरेच वाक्प्रचार क्रिकेटचे. 'स्टिकी विकेट' म्हणजे चेंडू काय करील याचा भरवसा नाही अशी ओली खेळपट्टी, म्हणजेच अडचणीची परिस्थिती. हे तुला सांगावं लागणार नाही, अमेरिकेच्या माणसाला मात्र सांगावं लागेल. इंग्रजाशी बोलताना वाक्प्रचारांपेक्षा त्याच्या सौम्यपणाकडे जास्त लक्ष दे. अमेरिकी माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर काम चांगलंच झालंय. इंग्रज म्हणाला तर बरेचदा अर्थ 'ठीक आहे' इतकाच असतो. 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणून तो गप्प बसला तर तुझी सूचना बहुधा तिथेच संपली. 'विथ रिस्पेक्ट' म्हणून वाक्य सुरू झालं की पुढे विरोध येतोय.

माझ्या मते व्यवहारात सर्वांत महत्त्वाचे वाक्प्रचार हेच, नकार गुंडाळून देणारे. खेळाचे शब्द कळले नाहीत तर थोडी पंचाईत होते. हे कळले नाहीत तर महिना वाया जातो. तू सांगितलंस ना, की तुझा प्रस्ताव ऐकून ते म्हणाले 'लेट्स पुट इट ऑन द बॅक बर्नर', आणि तू पुढचा आठवडाभर त्यावरच काम केलंस. आपल्या शेगडीला दोन बर्नर, दोन्ही शेजारीशेजारी. त्यामुळे मागचा बर्नर ही कल्पनाच आपल्याला येत नाही. तिकडच्या शेगडीला चार. घाईचं पुढच्या दोनांवर, आणि ज्याची घाई नाही ते मंद आचेवर मागे. ते मागे ठेवतो म्हणाले, म्हणजे सध्या नाही. 'वी विल सर्कल बॅक' म्हणाले तर तारीख विचार. तारीख दिली नाही तर तो विषय परत येईल असं धरून चालू नकोस. 'लेट्स पार्क इट' हेही तसंच. 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणजे हे सगळ्यांसमोर नको, नंतर आपण दोघं बोलू. त्यात नकार नसतो, पण नंतर बोलायची आठवण तुलाच करावी लागते.

कागद, पत्ते आणि कारखाने यांनीही बरंच दिलंय. 'बॉटम लाइन' जमाखर्चातली, शेवटची ओळ, नफा किंवा तोटा. 'ब्लू चिप' पोकरच्या डावातली, सर्वांत मोलाची निळी चकती. त्याच डावात पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवायला एक खूण पुढे सरकवत, तिचं नाव 'बक', म्हणून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं झालं 'पासिंग द बक'. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर पाटी होती, 'द बक स्टॉप्स हिअर', म्हणजे ढकलाढकली माझ्यापाशी थांबते. ती पाटी १९४५ साली ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनोच्या सुधारगृहात तयार झाली होती. तुझ्या मॅनेजरनं कधी हे वाक्य म्हटलं तर त्याचा मान ठेव. ते म्हणायला धैर्य लागतं.

'बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड' मला सगळ्यांत आवडतो. १९४१ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात पीटर आर्नोचं एक व्यंगचित्र आलं. विमान जमिनीत घुसलंय, लोक तिकडे धावताहेत, आणि एक गृहस्थ नकाशांची गुंडाळी काखोटीला मारून शांतपणे परत चाललाय: चला, पुन्हा आराखड्याच्या फळ्याकडे. त्या चित्रानं हे वाक्य जगभर नेलं. आणि 'पुश द एन्व्हलप' ऐकून लखोट्याचा विचार करू नकोस. विमान किती वेगानं, किती उंचीवर सुरक्षित उडेल याच्या आलेखावरच्या मर्यादारेषांना 'एन्व्हलप' म्हणतात. चाचणी वैमानिक त्या रेषा पुढे ढकलायचे. टॉम वुल्फच्या १९७९ सालच्या 'द राइट स्टफ' या पुस्तकानं हा शब्द वैमानिकांकडून कचेऱ्यांत आणला. तू इंजिनिअर आहेस, तुला हा आलेख बघताच कळेल.

आता शिकायचं कसं, ते सांगते. एक छोटी वही कर. कॉलवर जे कळलं नाही ते देवनागरीतच लिही, जसं ऐकू आलं तसं. स्पेलिंगच्या नादात पुढचं वाक्य सुटतं. शेजारी तीन गोष्टी लिही: कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं, आणि नंतर काय झालं. ही तिसरी नोंद खरी मोलाची. 'मूव्ह द नीडल' म्हणजे काय हे गूगल सांगेल. पण तुझ्या अमक्या साहेबांनी 'धिस वोन्ट मूव्ह द नीडल' म्हटल्यावर त्यांनी त्या कामाचे पैसे थांबवले, हे तुझी वहीच सांगेल. दोन महिन्यांत लक्षात येईल, की प्रत्येक माणसाचे आठ-दहा ठरलेले वाक्प्रचार असतात आणि तेच तो फिरवून फिरवून वापरतो. तुला सगळं इंग्रजी शिकायचं नाहीये. तुझ्या कॉलवरच्या पाच-सहा माणसांचं बोलणं शिकायचंय.

कळलं नाही तर तिथल्या तिथे विचार. 'याचा अर्थ काय' असं विचारायला संकोच वाटत असेल, तर काम विचार: म्हणजे मी शुक्रवारपर्यंत काय द्यायचं? आकडा किती धरू? हे थांबवायचं की चालू ठेवायचं? या प्रश्नांत कुणालाच अज्ञान दिसत नाही, उलट मुलगी कामाची आहे असं दिसतं. आणि कॉल संपल्यावर पंधरा मिनिटांत साध्या इंग्रजीत चार ओळींची मेल टाक: आपलं हे ठरलं, मी हे करणार, तुम्ही ते देणार, या तारखेपर्यंत. तू चुकीचं समजली असशील तर ते लगेच दुरुस्त करतील. आमच्या खात्यात टेलेक्सचा खर्च मिनिटावर असे, त्यामुळे आपोआप असंच लिहिलं जाई. त्या कागदांवरून कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

काही वाक्प्रचार मात्र समजून घे आणि बाजूला ठेव. 'ड्रिंकिंग द कूल-एड' असं लोक हसत हसत म्हणतात, म्हणजे एखाद्या कल्पनेवर आंधळा विश्वास ठेवणं. त्यामागे काय आहे ते ऐक. १८ नोव्हेंबर १९७८ या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, जोन्सटाउनला, जिम जोन्स नावाच्या पंथप्रमुखाच्या हुकमावरून नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत शेकडो मुलं होती. बहुतेकांना गोड सरबतातून सायनाइड दिलं गेलं. ते सरबत आपल्या मीटिंगमध्ये कशाला हवं? 'सोल्ड डाउन द रिव्हर' म्हणजे दगा झाला. पण मुळात ती मिसिसिपी नदी आहे, आणि विकली जायची ती गुलाम माणसं. जुन्या गिऱ्हाइकांना जुनेच दर राहतात त्याला 'ग्रँडफादर्ड' म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्या लोकांना मतदानापासून दूर ठेवायला परीक्षा आणि कर लावले आणि ज्यांच्या आजोबांना पूर्वी मताचा हक्क होता त्यांना सूट दिली. म्हणजे सूट गोऱ्यांनाच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९१५ साली हे कलम रद्द केलं, शब्द मागे राहिला. हिशेब उघडे करण्याला 'ओपन द किमोनो' म्हणणारेही भेटतील. बाईच्या अंगावरचं वस्त्र व्यवहारात ओढणारा हा वाक्प्रचार कुणीही वापरला तरी तू वापरू नकोस. आणि तुझ्यासमोर वापरला गेल्यावर हसायची सक्तीही तुझ्यावर नाही. आपण उठताबसता म्हणतो ती 'डेडलाइन'सुद्धा १८६४ सालच्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीतली आहे: ती रेषा ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. हा शब्द इतका रुळलाय की आता टाकता येणार नाही, पण कुणी तुला रात्री दोनपर्यंत बसवलं तर मूळ अर्थ आठवून स्वतःची काळजी घे.

तू विचारलंस, हे शब्द आपणही बोलायचे का? माझं स्पष्ट मत असं, की समजून घ्यायचे सगळे आणि बोलायचे फार थोडे. 'ऑन द सेम पेज' आणि 'इन द लूप' हे आता 'बॅलन्स शीट'सारखेच रुळलेत, ते वापर. बाकी साधं बोल. कॉलवर तू एकटी परकी नसतेस. एखादा जर्मन असतो, एखादी पोलंडची मुलगी असते, त्यांनाही बेसबॉल कळत नाही. तू साधं बोललीस की त्यांना हायसं वाटतं. मी जपानी आणि जर्मन गिऱ्हाइकांबरोबर काम केलं. ती मंडळी आमच्या इंग्रजीवर खूश असत, कारण वाक्य लहान आणि शब्द नेमका असे.

जिथे चुकीला माफी नाही तिथे तर जगानं हे ठरवूनच टाकलंय. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक होतं वैमानिकांचं रेडिओवरचं संदिग्ध वाक्य: आम्ही निघालोच आहोत असं त्यांना म्हणायचं होतं, नियंत्रकाला वाटलं निघायच्या जागी उभे आहेत. तेव्हापासून नियम कडक झाले. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. आपलं काम विमानाइतकं जिवावरचं नसतं, पण गिऱ्हाइकाचे पैसे आणि तुझी झोप त्यावर अवलंबून असते.

पैशाच्या जगातही असंच आहे. अमेरिकेच्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं १९९८ साली कंपन्यांसाठी साध्या इंग्रजीची एक पुस्तिका काढली. तिची प्रस्तावना वॉरन बफे यांची आहे. त्यात ते सांगतात, की वार्षिक अहवाल लिहिताना ते आपल्या दोन बहिणी, डॉरिस आणि बर्टी, समोर आहेत असं धरत असत. हुशार, पण हिशेबाच्या तज्ज्ञ नसलेल्या. ती पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. शंभर वाक्प्रचारांच्या पुस्तकावर पैसे घालण्याआधी तेवढी वाच.

आपल्या बाजूचंही थोडं सांभाळ. 'डू द नीडफुल' आपल्याकडे अजून रोज लिहिलं जातं. इंग्लंडमध्ये ते कधीच मागे पडलं, तिकडच्या तरुण माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. आपण 'आय विल रिव्हर्ट' लिहितो ते 'उत्तर देईन' या अर्थानं. त्याला वाटतं काहीतरी पूर्ववत करणार. तुझ्या धंद्यात तर जुना कोड परत आणण्यालाच रिव्हर्ट म्हणतात, म्हणजे धोका दुप्पट. 'प्रीपोन' मात्र मला फार आवडतो. आता तो ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, आणि बैठक अलीकडे आणण्यासाठी त्यांच्याकडे असा एक शब्द नाही. तो वापरायचा झाला तर शेजारी तारीख लिही.

शेवटी तुझ्या त्या मूल्यमापनाच्या फॉर्मबद्दल. मॅनेजरनं लिहिलंय, तू 'गो द एक्स्ट्रा माइल' करावंस. हे मॅथ्यूच्या शुभवर्तमानातलं आहे. रोमन सैनिकाला रस्त्यावरच्या कुणालाही धरून आपलं ओझं मैलभर वाहायला लावायचा अधिकार होता. येशू म्हणतो, त्यानं एक मैल नेलं तर तू त्याच्याबरोबर दोन जा. तो दुसरा मैल चालणाऱ्याच्या मर्जीचा होता, हुकमाचा नव्हता. फॉर्ममध्ये लिहून मागितला की तो मर्जीचा राहत नाही. म्हणून सही करण्याआधी विचार, नेमकं काय हवंय: रात्रीचे जास्त कॉल, शनिवार, नव्या मुलांना शिकवणं, की एखादं नवं मॉड्यूल? जे सांगतील ते त्याच रकान्यात लिहून घे, महिन्यासकट. यातलं कोणतं तुला झेपेल आणि कोणतं आवडेल, ते मला कळव. मग आपण बोलू.

ताईला नमस्कार सांग. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
मावशी